एक तरी चूक

“थांबा मास्तरानू,” धोंडू तांडेल म्हणाला, “ती ओहोटी परत वाचा.”

वाचन चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हा वेळणे बंदरच्या वाचनालयाचा असा एकच नियम होता, जो आजवर कुणी मोडला नव्हता. नव्या पुस्तकाची प्रत एकच यायची. वाचणारे तीसेक, आणि वाचता न येणारे त्याहून पुष्कळ. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी हरिश्चंद्र मास्तर पडवीत बसून एक प्रकरण मोठ्याने वाचत आणि खलाशी, दुकानदार, दवाखान्यातल्या नर्स आनंदीबाई असे सगळे ऐकायला येत. शंका असतील त्या प्रकरण संपल्यावर. पण धोंडू तांडेलाच्या तोंडावर असं काही होतं, की मास्तरांनी मुकाट्याने पान मागे उलटलं.

“‘वद्य तृतीयेला सकाळी साडेसातच्या सुमारास पाणी पुरतं उतरलं. काळा खडक डाव्या हाताला ठेवून तो वाळूच्या दांड्यावरून चालू लागला. दांडा मध्ये एके ठिकाणी डावीकडे वाकतो, तिथे पाणी गुडघ्याला लागलं. पुढे पुन्हा कोरडी वाळू.’”

धोंडूने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. चाळीस वर्षं पडाव हाकलेला माणूस. त्याला अक्षर येत नव्हतं, पण कुठल्या तिथीला किती वाजता पाणी कुठे असेल हे तो झोपेतून उठवलं तरी सांगे.

“वद्य तीज, साडेसात. बरोबर,” तो म्हणाला. “कालो खडक डाव्या हाताक, तांही बरोबर. दांडो मदीच वाकता. मास्तरानू, ह्यां आमचां बंदर आसा.”

कुणीतरी म्हणालं, कादंबरी आहे ती, समुद्राला खडक काय कमी आहेत. धोंडूने तिकडे पाहिलंदेखील नाही. मुंबईत बसून लिहिणारा खाडीत अष्टमीला भर दुपारी भरती आणतो आणि पौर्णिमेला पाणी हलू देत नाही, हे त्याने आजवर कित्येक पुस्तकांत ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. इथे तसं नव्हतं.

“हेची ओहोटी चुकूक नाय,” तो म्हणाला. “ओहोटी खरी, म्हणजे पुस्तक खरां.”

पुस्तकांच्या कपाटाला टेकून गुरुदास तोंडवळकर बसला होता. त्याला एकदम आनंद झाला आणि त्याच्या मागोमाग भीती वाटली. त्याने कपाटाची किल्ली उगाच एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकली.

गुरुदास बंदर कचेरीत कारकून होता. वय शेहेचाळीस. कोल्हापूरला इंटर सायन्सपर्यंत शिकला, वडील गेल्यावर परत आला आणि गेली बावीस वर्षं धक्क्यालगतच्या फुटांचे आकडे रंगवलेल्या खांबावर पाणी किती चढलं, किती उतरलं, हे दिवसातून चार वेळा पाहून टिपत होता. बायको लग्नानंतर सहा वर्षांनी गेली. मूल नव्हतं. संध्याकाळी वाचनालय उघडायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. गावात त्याच्याविषयी बोलण्यासारखं एवढंच होतं.

याखेरीज त्याने एक कादंबरी लिहिली होती, हे गावाला ठाऊक नव्हतं. सरकारी नोकराला असलं काही छापायचं तर परवानगी लागते. ती मागायची तर साहेबाला सांगावं लागतं, आणि साहेब विचारणार, कशाबद्दल आहे? त्याचं उत्तर त्याला दोन वाक्यांत देता आलं नसतं. म्हणून त्याने ‘उदधी’ हे नाव घेतलं आणि कोल्हापूरच्या एका लहानशा प्रकाशकाकडे वह्या धाडल्या. सत्तावन सालच्या जानेवारीत ‘दोन बंदरांचा माणूस’ छापून आली. वाचनालयासाठी पुस्तकं मागवायची यादी तोच करी. त्यात त्याने ती घातली, अकराव्या क्रमांकावर, डोळ्यांवर येऊ नये म्हणून.

गोष्ट एका हेराची होती. एका देशाने त्याला दुसऱ्या देशातल्या बंदरात धाडलेलं. तिथे तो घड्याळं दुरुस्त करतो आणि दुरुस्तीला आलेल्या घड्याळांच्या झाकणाआड निरोप कोरून पाठवतो. तिथेच लग्न करतो. सासू आजारी असल्याच्या निमित्ताने सीमेपलीकडे जाऊन येतो. मग ती सासू खरोखरच मरते, तेव्हा हा रडतो, आणि आपण रडलो ते कामाचा भाग म्हणून की मनापासून, हे त्याला स्वतःलाच सांगता येत नाही. अकरा वर्षं जातात. धाडणारे त्याला विसरतात. शेवटी त्या बंदरातला कोतवाल त्यालाच हुकूम देतो, की गावात एक हेर आहे, तो शोध. हा स्वतःला शोधायला लागतो.

लोक या पुस्तकावर काय म्हणतात, हे ऐकण्याची गुरुदासाला जी भूक लागली होती, तिची त्यालाच लाज वाटे. हरिश्चंद्र मास्तरांच्या मते सगळं पुस्तक म्हणजे वेदान्त होता. साक्षी कोण आणि कर्ता कोण, एवढाच प्रश्न. किराणावाले परशुराम शेट म्हणाले, पाच पानं तो नुसता पाण्याकडे बघत बसतो, असल्या हेराला पगार कोण देईल? आनंदीबाईंनी सांगून टाकलं, की त्याच्या बायकोला पहिल्या वर्षापासून सगळं ठाऊक असणार, पुरुषांनाच वाटतं आपण लपवलं म्हणून. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने अभिप्राय लिहायची वाईट खोड वेळण्याच्या वाचकांना होती. एकाने लिहिलं होतं, ‘विचार फार, पिस्तूल एकच, तेही उडत नाही.’ दुसऱ्याने, ‘हेर अखेर कुणाचा? लेखकाने कळवावे.’

गुरुदास ते पान रोज पाहायचा. घरी जाऊन जेवायला बसे आणि मध्येच उठून अंगणात फेऱ्या मारी. या दुसऱ्याला उत्तर द्यावं असं त्याला फार वाटे. पण उत्तर त्याच्यापाशीही नव्हतं. असतं तर त्याने कादंबरी कशाला लिहिली असती?

आणि आता हा धोंडू. एवढे शिकलेले लोक होते, पण लेखकाने कुठे मेहनत घेतली हे ओळखलं ते अक्षर न येणाऱ्या माणसाने. खोटी ओहोटी लिहिणं गुरुदासाला जमलंच नव्हतं. एकदा त्याने दांडा उजवीकडे वाकवून पाहिला होता आणि रात्रभर काटा रुतल्यासारखं झाल्यावर सकाळी खोडून पुन्हा डावीकडे वाकवला होता.

पुढच्या शनिवारपर्यंत गावात बोलणं बदललं. हे बंदर जर आपलं, तर हा घड्याळवाला कोण? वेळण्यात घड्याळं दुरुस्त करणारा एकच माणूस होता, फॉस्टिन फर्नांडिस. बाजाराच्या टोकाला त्याचं दुकान. दुकान कसलं, एक खिडकी, एक टेबल आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. त्या स्टुलावर गिऱ्हाइकापेक्षा जास्त वेळ गेली पंधरा वर्षं गुरुदासच बसत आला होता. फॉस्टिनची बायको फेलिसिदाद म्हापशाकडची. पंचावन सालच्या जुलैत तिची आई आजारी पडली म्हणून फॉस्टिन गोव्यात जाऊन आला होता. पुढच्याच महिन्यात सत्याग्रही सीमेवरून आत शिरले, गोळीबार झाला आणि सरहद्द बंद झाली. आत शिरलेल्यांत धोंडूचा पुतण्या लवू होता. त्याचं प्रेत माणसांनी खांद्यावरून आणलं. एकवीस वर्षांचा. कुठल्या वाटेने जायचं हे अगोदर कुणाला ठाऊक नव्हतं, तरी त्या वाटेवर पोर्तुगीज शिपाई दबा धरून बसले होते. ही गोष्ट धोंडूच्या घरात दीड वर्ष चुलीसारखी रोज पेटत होती.

तरीही नुसत्या शंकेवर कुणी काही बोललं नसतं. बोलले ते आनंदीबाईंच्या घड्याळामुळे. नर्सबाईंचं ते छातीवर अडकवायचं घड्याळ बंद पडलं. त्यांनी सहज त्याचं मागचं झाकण सुरीने उघडून पाहिलं, आणि आतल्या चकचकीत पत्र्यावर, मुंगीच्या पायांनी लिहावं तशी अक्षरं दिसली. एक इंग्रजी एफ, पुढे तीन, रेघ आणि छप्पन.

त्या संध्याकाळी वेळण्यात जेवढी म्हणून घड्याळं होती, तेवढ्यांची झाकणं उघडली गेली. परशुराम शेटांच्या भिंतीवरच्या घड्याळात आकडे निघाले. शाळेच्या घड्याळात निघाले. कस्टमच्या शिपायाच्या मनगटी घड्याळात तर दोन ओळी होत्या. मास्तरांनी पुस्तकातलं ते पान काढलं, मोठ्याने वाचलं, आणि वाचून झाल्यावर चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

गुरुदासाने तिथेच सांगितलं, की घड्याळजी लोकांची ती रीतच असते. दुरुस्तीची तारीख कोरून ठेवायची, म्हणजे पुन्हा घड्याळ आलं तर काम आपलं की दुसऱ्याचं हे कळतं. एफ म्हणजे फॉस्टिन, तीन-छप्पन म्हणजे छप्पनचा मार्च.

“तुका कसां ठावक?” परशुराम शेटांनी विचारलं.

“त्यानेच सांगितलं होतं.”

“तो दुसरां काय सांगतलो?”

पडवीत लोक हसले. हसणं वाईट नव्हतं, पण त्यात गुरुदासाचं म्हणणं बुडालं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानावर गेला. टेबलावर एकही घड्याळ नव्हतं. उलट चार माणसं येऊन अर्धवट उघडलेली आपली घड्याळं तशीच घेऊन गेली होती. फॉस्टिन डाव्या डोळ्याला भिंग लावून रिकाम्या टेबलाकडे पाहत होता. मग त्याने भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं.

“बस,” तो म्हणाला.

गुरुदास बसला. तो सांगणार होता. घरातून निघताना वाक्य तयार होतं. पण समोरच्या रस्त्यावरून लोक जात होते आणि प्रत्येक जण दुकानाकडे न बघता जात होता, अगदी बेतून. गुरुदासाच्या तोंडून निघालं ते एवढंच, की लोक मूर्ख आहेत, आठ दिवसांत विसरतील.

“विसारतत,” फॉस्टिन म्हणाला. त्याने ते अशा आवाजात म्हटलं, की ते हो होतं की नाही हे कळू नये.

आठ दिवसांत मालवणहून पोलीस आला. त्याने फॉस्टिनचा रेडिओ चौकशीसाठी नेला. फेलिसिदाद दुपारी त्यावर गोव्याकडचं गाणं-बिणं लावी, आई ऐकते तेच आपण ऐकतोय एवढ्यासाठी. चौकशीत काही निघालं नाही, रेडिओ परत आला. आणि काहीच निघालं नाही, हेच गावाला फार हुशारीचं लक्षण वाटलं. पुस्तकातल्या हेराकडे तरी काय निघालं होतं? आग्नेस म्हणून एक पोर फेलिसिदादकडे शिवण शिकायला येई, तिच्या घरच्यांनी तिला पाठवणं बंद केलं. विहिरीवर बायका जरा सरकून उभ्या राहू लागल्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड मारला नाही. सगळं इतकं सभ्यपणे चाललं होतं, की नेमकं कुणाशी भांडावं हे गुरुदासाला सापडेना.

खांबावरचे आकडे टिपताना आता त्याचा हात थांबे. पाणी आठ फूट तीन इंच दिसलं की ते खरंच तेवढं आहे का, म्हणून तो पुन्हा वाकून बघे. आपण लिहिलं ते खोटं होतं, असं त्याने स्वतःला अनेक वेळा बजावलं. पण वाक्य वाक्य आठवून पाहिलं तर त्यातलं खोटं कुठलं हे बोटाने दाखवता येत नव्हतं. भिंग डाव्या डोळ्याचं. काचेवरून अंगठा फिरवायची सवय. सासूचं दुखणं. स्टुलावर बसून पंधरा वर्षं जे पाहिलं, ते जसंच्या तसं त्याने उचललं होतं, आणि त्यावर एक ‘जर’ ठेवून दिला होता. हा माणूस जर दिसतो तो नसेल तर? एवढाच त्याचा भाग. प्रयोगशाळेत करतात तसं. बाकी सगळं तेच ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलून बघायची.

शेवटच्या प्रकरणाचा शनिवार आला. पडवी भरली होती, अंगणातही लोक होते. मास्तरांनी पुस्तक उघडलं, तेव्हा गुरुदास कपाटापासून उठून पुढे आला.

“मास्तर, वाचू नका,” तो म्हणाला. “हे पुस्तक मी लिहिलंय.”

कुणीतरी खुदकन हसलं. मास्तर म्हणाले, “गुरुदास, बस बाबा. मित्रासाठी जीव तुटतोय, समजतं आम्हाला.”

“शेवटचं पान काढा आणि बोट ठेवा.”

मास्तरांनी पान काढलं. गुरुदासाने डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली. हेर कोतवालासाठी अहवाल लिहायला बसतो, तिथपासून. दिव्याची वात, कागदावर पडलेली हाताची सावली, तीन वेळा खोडलेलं पहिलं वाक्य. मास्तरांचं बोट ओळीवरून सरकत होतं. एकदा ते थांबलं आणि गुरुदासही थांबला, कारण तिथे स्वल्पविराम होता. शेवटी ‘शोध घेतला. सापडला नाही,’ असं म्हणून त्याने डोळे उघडले. मास्तरांनी पुस्तक हळूच मिटलं.

“शब्द चुकला नाही,” ते म्हणाले.

गुरुदासाला वाटलं, सुटलो. तो भराभर बोलत गेला. आपण ‘उदधी’. नोकरी जाईल म्हणून नाव लपवलं. हेर नाही, कोतवाल नाही, निरोप नाही, सगळं मनचं. फॉस्टिनचा त्यात काडीचा दोष नाही. बोलता बोलता तो कधी मालवणीवर आला, हे त्याला कळलंही नाही. “माणूस मी रचलंय,” तो म्हणाला. “देवाशपथ, रचलंय.”

धोंडू तांडेल इतका वेळ खांबाला पाठ लावून बसला होता. तो उठला नाही. आवाजही चढवला नाही.

“भाऊ, ओहोटी रचलंस?”

“नाय.”

“खडक?”

“नाय.”

“घड्याळातली खूण?”

“ती खरी. पण ती सगळेच घड्याळजी...”

“सासवेचां दुखणां?”

गुरुदासाने मास्तरांच्या हातातल्या मिटलेल्या पुस्तकाकडे पाहिलं.

“म्हणजे सगळां खरां, आनी माणूस तेवढो रचलंस,” धोंडू म्हणाला. “तेच्या स्टुलार तू पंदरा वर्सां बसलंस. आमी नाय बसलो. तुका दिसलां तां तू लिवलंस. आता भियान नाय म्हणतंस.” त्याने बाजूचा टॉवेल उचलून खांद्यावर टाकला. “लवूचे आवशीक, माजे भावजयेक, जावन सांग, रचलंय म्हणान. ती काय म्हणता तां माका सांग.”

लोक उठू लागले. परशुराम शेट जाताजाता गुरुदासाच्या खांद्याला हात लावून गेले. तो हात शाबासकीचा होता, आणि त्याने गुरुदासाला सगळ्यांत जास्त लागलं. इतके दिवस गावाजवळ नुसतं पुस्तक होतं. आज त्याने गावाला साक्षीदार दिला होता.

तो तसाच फॉस्टिनच्या घरी गेला. दिवेलागण व्हायची होती. फॉस्टिन अंगणात बाकावर बसला होता. बातमी त्याच्या अगोदर पोचली होती.

“माका आधीच ठावक होतां,” फॉस्टिन म्हणाला. “दुसऱ्या पानार भिंग डाव्या डोळ्याक लावल्यान. ह्या मुलखात डाव्या डोळ्याक लावणारो मीच एकटो.”

“मग बोललास का नाही?”

“तू बोलतलंस म्हणान बसलंय.”

गुरुदास बाकाच्या टोकाला बसला. मग गुरुदासाने विचारलं, राग आलाय का.

“येता. पण करूचा काय?” फॉस्टिन म्हणाला. तो हाताची नखं पाहत होता, कामाची सवय असलेल्या माणसासारखा, प्रकाशाकडे धरून. “मी दोनदा वाचलंय तां. म्हटलंय, लिवणारो खंय तरी चुकलो असतलो. काटो चुकीचो बसवल्यान, कमान उलटी घातल्यान, कायतरी. तां धरून लोकांक दाखवूक येयत, बघा, हेका घड्याळातलां काय समाजणा नाय, ह्यो माजो कोण नाय. पण तू खंयच चुकूक नाय, गुरू.” तो थांबला. “एक तरी चूक करूची होतीस.”

एप्रिलच्या शेवटी फॉस्टिनने जायचं ठरवलं. मुंबईला फेलिसिदादचा भाऊ जासिंत होता, त्याच्या ओळखीने एका घड्याळाच्या दुकानात काम मिळत होतं. मे संपेपर्यंत बोटी चालू होत्या, पावसाळ्यात बंद झाल्या असत्या. गुरुदासालाही कचेरीतून खुलासा मागणारा कागद आला होता. त्याचं उत्तर त्याने एका ओळीत लिहून धाडलं, आणि बदली होणार हे धरून चालला. त्यात त्याला काही विशेष वाटलं नाही. वाटायचं ते सगळं दुसऱ्याच ठिकाणी लागलं होतं.

वेळण्याला बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत नेत. किनाऱ्यापासून पडावापर्यंतचं कमरेएवढं पाणी हमाल सामान डोक्यावर घेऊन पार करत आणि बायकांना व म्हाताऱ्यांना हातांची खुर्ची करून नेत. त्या दिवशी सकाळी उतारू दहा-बारा होते आणि हमाल सहा. हमालांनी सगळ्यांना नेलं. फॉस्टिनच्या दोन ट्रंका आणि एक वळकटी वाळूवर राहिली. कुणी नाही म्हटलं नाही. त्यांना नुसतं प्रत्येक खेपेला दुसरं काहीतरी न्यायचं होतं.

फॉस्टिन काळा कोट घालून ट्रंकेपाशी ताठ उभा होता. फेलिसिदाद त्याच्या शेजारी. बोटीने पहिला भोंगा दिला.

गुरुदास कचेरीच्या पायरीवर उभा होता. तो खाली आला, चपला वाळूत सोडल्या, पहिली ट्रंक उचलून डोक्यावर घेतली आणि कचेरीच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरला. बंदर खात्याचा कारकून बावीस वर्षांत घोट्यापलीकडे भिजलेला कुणी पाहिला नव्हता. हमाल बाजूला झाले. ट्रंकेत अवजारं असावीत, ती मानेवर बसत होती. पडावाच्या काठावर धोंडू तांडेल उभा होता. त्याने ट्रंक घेतली, आत ठेवली आणि गुरुदासाकडे न पाहता दोरीकडे वळला. दुसरी ट्रंक फॉस्टिन आणि गुरुदास यांनी दोन्हीकडून धरून नेली. पाण्यातून चालताना फॉस्टिन एकदा अडखळला, तेव्हा गुरुदासाने त्याचं कोपर धरलं, आणि फॉस्टिनने ते धरू दिलं.

तिसऱ्या खेपेला गुरुदास वळकटी न्यायला आला. फेलिसिदादला कसं न्यायचं, हे त्याला सुचेना. तिने वाट पाहिली नाही. झग्याचा घोळ हातात गोळा केला आणि ती त्याच्या बरोबरीने पाण्यात उतरली. ती बाई त्याच्याशी कधी फार बोलली नव्हती. स्टुलावर बसला असला की आतून चहा येई, एवढीच ओळख.

निम्म्यात आल्यावर ती म्हणाली, “भाऊ, मी पण वाचलंय तुझां पुस्तक. सावकाश वाचलंय, अक्षरां लावून लावून.”

गुरुदास वळकटी सांभाळत चालत राहिला.

“तुका एक इचारूचां होतां. तेच्या बायलेक नाव कित्याक नाय दिलंस?”

तो थांबला. पाणी कमरेला लागत होतं.

“अकरा वर्सां तिणां तेका रांधून घातल्यान,” फेलिसिदाद म्हणाली. “आवस मेली तेवा रडली. कोतवालाक नाव आसा. टपालवाल्याक आसा. तेंच्या कुत्र्याक पण आसा. तिका नाय. मी पाठचां पान पुढे करून बघलंय, खंय तरी असतलां म्हणान.” ती रागावलेली नव्हती. दुकानात वाण्याला विचारावं, तसं विचारत होती.

“सुचलं नाही,” गुरुदास म्हणाला.

तिने मान हलवली आणि पुढे झाली. पडावाच्या काठाशी ती पोचली तेव्हा धोंडू तांडेल क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने वाकून हात पुढे केला. पडावात पाय टाकणारं माणूस तांडेलाचं, त्याच्या जिवाची जोखीम तांडेलाची, ही त्या किनाऱ्यावरची जुनी रीत होती, आणि ती धोंडूला मोडता आली नाही. फेलिसिदादने त्याचा हात धरला, आत आली, ओला झगा पिळला आणि नवऱ्याशेजारी बसली. फॉस्टिनने कोटाची बटणं लावली. दोघंही किनाऱ्याकडे पाठ करून बोटीकडे बघत होते.

वल्ही पाण्यात पडली. पडाव फिरला आणि दूर जाऊ लागला.

गुरुदास होता तिथेच उभा राहिला. विमला, तो मनात म्हणाला. ते बसलं नाही. सुभद्रा. तेही नाही. त्याने आपल्या बायकोचं नाव घेऊन पाहिलं, कित्येक वर्षांत प्रथमच, आणि घाईने सोडून दिलं. पाठीमागे हमाल वाळूवरून वर गेले. कचेरीतून शिपाई त्याला हाक मारत होता. पडाव बोटीच्या सावलीत शिरला तरी तो पाण्यात उभाच होता, आणि एकामागून एक नाव उच्चारून पाहत होता, ओठ न हलवता, जणू ती बाई कुठेतरी उभी आहे आणि बरोबर हाक आली तरच वळून पाहील.